सात एकांची भिंत

१

अनंता मास्तरांचा जीव धुळीत गेला. ही धूळ त्यांनी स्वतः कुटून, स्वतः वस्त्रगाळ करून ठेवली होती, त्यामुळे तिच्या दर्जाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. मुरबाडच्या डॉक्टरने त्यांच्या नाकातून आणि घशातून विटेची लाल भुकटी काढली. मागून मान धरून कुणीतरी त्यांचं तोंड धूळपाटीत दाबलं होतं आणि धडपड थांबेपर्यंत दाबून ठेवलं होतं. मग त्यांचं तोंड पुसलं, पाटीवरची धूळ हाताने सारखी केली आणि म्हाताऱ्याला भिंतीकडे तोंड करून कुशीवर निजवलं. खून करणारा माणूस नीटनेटका होता.

एकोणचाळीस सालचा उन्हाळा चालू होता. टोकावड्याहून मुरबाडपर्यंत प्रेत बैलगाडीत आलं, आणि तेवढ्या उन्हात त्याची अशी दशा झाली की मरण सकाळचं की संध्याकाळचं, हे डॉक्टरला सांगता येईना. ते भिंतीने सांगितलं.

फौजदार कुंडलिक विशे त्या भिंतीसमोर उभे राहिले तेव्हा त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. गणिताने त्यांना मॅट्रिकला तीनदा पाडलं होतं. चौथ्यांदा ते पोलिसात गेले. इथे खून, दरोडे आणि पेटलेल्या गंजी असतील, पण भागाकार नसतील, अशी त्यांची समजूत होती.

भिंतीच्या माथ्यावर कोळशाने मोठ्ठा आकडा लिहिला होता: ११,११,१११. सात एक, शेजारी शेजारी. खाली उभ्या ओळी. प्रत्येक ओळीच्या डोक्यावर 'श्री', त्याखाली एकेक भाजक आणि त्याची बाकी.

हवालदार गणू टोकावड्याच्या अलीकडचाच, त्याला हे सगळं ठाऊक होतं. "मास्तर म्हनायचे, साहेब, या आकड्याला कोन भागू शकनार नाय. एक नि तो सोता सोडून कशानंच भाग जायचा नाय. त्येच दाखवत व्हते. दोन घ्या, तीन घ्या, पाच घ्या, हजाराच्या वर जरासं जावा. परत्येक येळी बाकी उरली, का जितले."

"आणि जिंकल्यावर?"

"मग काय. देवळाच्या पायरीवर कोरायचा. पोराच्या नावानं."

शिमग्याच्या सुमारास मास्तरांचा एकुलता मुलगा पान लागून, म्हणजे साप चावून, गेला होता. तेरावं उरकलं, आणि म्हाताऱ्याने भिंतीवर सात एक लिहिले. धूळपाटीवर बोटाने भागाकार मांडायचा, ताळा बघायचा, पुन्हा मांडायचा, पुसायचा, आणि मग फक्त बाकी भिंतीवर चढवायची. डोळे धड असतील त्या दिवशी सकाळी छपराखाली 'श्री' लिहून सुरुवात व्हायची आणि दिवेलागणीला ओळ जमिनीला टेकायची. एक दिवस, एक ओळ. अख्ख्या गावाला हे घड्याळ पाठ होतं.

शेवटची ओळ २२३ पासून सुरू होऊन २६९ पर्यंत, पार जमिनीजवळ आली होती. म्हणजे मास्तर संध्याकाळपर्यंत जिवंत होते.

आणि दुपारनंतर त्या घरात एकच माणूस गेल्याचं माहीत होतं. ते मुरबाडच्या कोठडीत बसलं होतं.

२

सुंदरा मास्तरांची सून. पंचविशीची असेल. कोठडीत ती भिंतीला पाठ लावून नव्हे, मधोमध बसली होती. भिंतींचा तिला कंटाळा आला असावा.

"पुन्हा सांग," फौजदार म्हणाले.

"किती येळा सांगू, साहेब? फाटफटी राब भाजायला गेले. समदा गाव शेतावरच व्हता." पेरणीआधी वाफ्यावर पालापाचोळा, शेण पसरून जाळायचं काम, त्या दिवसांत गावात कुत्री आणि देव तेवढे उरतात. "दुपारच्याला भाकर घेऊन आले. मामंजी आडवे झालेले, तोंड भितीकडं. रोजच दुपारी जरा पडायचे. भाकर झाकली, नि परत गेले. सांजच्याला आले तर भाकर तशीच. हात लावला तर गार."

"तू दुपारी आलीस तेव्हाच ते मेलेले होते, असं तुझं म्हणणं."

"मी काय वैदू हाय? आता वाटतं, का तवाच गेलेले."

"मग दुपारनंतर गणितं कुणी केली?"

"मी आले तवा भित खालपर्यंत काळी झालेली व्हती."

"दुपारी?"

"दुपारी."

फौजदारांनी गणूकडे पाहिलं. गणूने छताकडे पाहिलं. बाईला एक अक्षर वाचता येत नव्हतं. तिला कालची ओळ कुठली आणि आजची कुठली, हे कसं कळणार?

"सुंदरा, हे असं ठाण्याच्या कोर्टात सांगितलंस तर फाशी देतील."

"आनि दुसरं कायतरी सांगितलं तर?"

"तरी देतील," फौजदार प्रामाणिकपणे म्हणाले.

"मग खरं तेच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "राब अर्धाच भाजलाय. पाऊस काय माझ्यासाठी थांबनार नाय."

परवा तिला ठाण्याला पाठवायचं होतं. एकदा ती तिकडे गेली की भिंतीचं म्हणणं सरकारी वकील वाचून दाखवणार, आणि भिंतीची उलटतपासणी घेता येत नाही.

३

फौजदार पुन्हा टोकावड्याला गेले. मास्तरांच्या वाईटावर कोण होतं, याचं उत्तर गावात चटकन मिळालं: देव.

देवाच्या वतीने कान्हा गुरव बोलला. तो मास्तरांचाच जुना विद्यार्थी. "पायरीवर नाव कोरा, गाव कोरा, नाग कोरा. सात काठ्या कशाला? लोकं पाया कुनाच्या पडनार? मी मास्तरांना बोललू, तुमचा आकडा तुटनार नसंल, पन माझा देव बाटतोय."

"भांडण झालं?"

"रोज. नेमानं. आरतीनंतर."

"त्या दिवशी कुठं होतास?"

"देवळात निजलू व्हतू. सकाळी बी, दुपारी बी. गावात मानूस नाय, नैवेद्य नाय, जागा राहून करू काय?"

"कुणी पाहिलं?"

"देवानं," कान्हा म्हणाला. तोही साक्षीला येणाऱ्यांतला नव्हता.

जाता जाता कान्ह्यानेच एक गोष्ट सांगितली. ओढ्याकाठचं भातशेत मास्तर सुनेच्या नावाने करून देणार होते. येत्या सोमवारी मुरबाडला जायचं ठरलं होतं. "पोर गेला, पोरी, तुझं कोन हाय, असं म्हनाले. माझ्यासमोर."

म्हणजे सुंदरेला मास्तर सोमवारपर्यंत जिवंत हवे होते. फौजदारांना हे पटलं, पण पटण्याला कोर्टात किंमत नसते.

महादू पाथरवट पायरीशी बसून छिन्नीला धार लावत होता. "मी कशाला मारू? सात उभ्या रेघा. जल्मात असं सोपं काम आलं नाय. त्यो आकडा तुटू नये म्हनून मी नवस बोलनार व्हतू." महादूला लिहिता येत नव्हतं, तो दाखवलेलं कोरत असे, एकदा तर चुकून दाखवणाऱ्याची खाडाखोडही त्याने कोरली होती.

राहिला पुतण्या, लडकू. आसनगाव स्टेशनात मालाच्या गोदामावर कारकून. खुनाच्या आदल्या रात्री तो काकांकडेच मुक्कामाला होता आणि दुपार व्हायच्या आधीच सर्विस मोटारीने निघून गेला. त्याला मोटारीत बसलेल्यांनी पाहिलं, टपावर बसलेल्यांनी पाहिलं आणि मोटार बंद पडल्यावर ती ढकलणाऱ्यांनीही पाहिलं. ढकलणाऱ्यांत तो स्वतःही होता. शेत सुनेला जाण्याने नुकसान झालंच तर याचं एकट्याचं. पण भिंत लिहिली जात होती तेव्हा हा कल्याणच्या वाटेवर धक्के मारत होता.

प्रेताला त्यानेच अग्नी दिला होता. रडलाही होता. फौजदारांना त्याने सांगितलं होतं, "निघताना पाया पडलो. काका म्हणाले, मध्ये बोलू नकोस रे, हातचा विसरेन."

हे मास्तरांसारखंच होतं. खरंही असेल.

४

मास्तर नेमके किती वाजेपर्यंत जिवंत होते, असं सरकारी वकील विचारणार. त्यासाठी एका भागाकाराला वेळ किती लागतो, ते कळायला हवं. मास्तर नव्हते. सुंदरेला आकडा येत नव्हता. फौजदारांनी चहूकडे पाहिलं आणि दुसरा इलाज नाही असं दिसल्यावर टोपी काढून ठेवली.

"गणू, पाटीवर धूळ टाक."

"साहेब, हितंच मेलेत ते."

"म्हणून तर. मला घाई करता येणार नाही."

शेवटच्या ओळीतला २५१ हा भाजक त्यांनी उचलला. तो डोळ्यांसमोर येत होता एवढंच कारण. अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा भागिले दोनशे एक्कावन्न. दोनदा हातचा हरवला, एकदा सापडला. अखेर बाकी आली १८५.

भिंतीवर लिहिलं होतं, ९२.

फौजदारांना मुळीच आश्चर्य वाटलं नाही. त्यांचं उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी कधीच जुळलेलं नव्हतं. त्यांनी पुसलं, पुन्हा केलं. पुन्हा १८५. चुकण्यातही आपण आता पक्के झालो, असं त्यांच्या मनात आलं.

"दुसरा बघा एखादा, साहेब," गणू म्हणाला. "हा खवचट दिसतोय."

त्यांनी थोडा वरचा घेतला. २३९. भिंत म्हणत होती, बाकी १७. फौजदारांनी मांडलं. चार वेळा भाग गेला. सहा वेळा गेला. पुन्हा चार वेळा. शेवटी उरले दोन हजार एकशे एक्कावन्न, आणि त्यात नऊ वेळा गेला.

त्यांनी वजाबाकी केली आणि बोट धुळीतच ठेवून बसून राहिले.

"बाकी किती, साहेब?"

"काही नाही."

"काय नाय म्हंजे आली नाय?"

"काही नाही म्हणजे शून्य. पुरा भाग गेला."

गणूने भिंतीवरच्या सात एकांकडे पाहिलं, मग पाटीकडे. "म्हंजे चुकलं तुमचं."

"तेच वाटतंय." भागाकारात ते कुठेही चुकू शकत होते. त्यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास नव्हता. पण पुरा भाग गेला की एक सोय असते: उलटा गुणाकार करून बघता येतो. तिथे मूर्खालाही लपायला जागा नसते. त्यांनी धूळ सारखी केली आणि ४६४९ ला २३९ ने गुणलं. ओळीखाली ओळ लिहिली. बेरीज गणूकडून करून घेतली, कारण आपण केली तर आपल्यालाच संशय येईल.

गणू उजवीकडून एकेक आकडा लिहीत गेला. एक. एक. एक. चौथा एक लिहिण्याआधी त्याने बेरीज पुन्हा मोजली. सातवा एक लिहून तो उकिडवा होता तिथून मागे सरकला.

"तुटला, साहेब," तो हळूच म्हणाला.

फौजदार बाहेर आले. ओटीवर ऊन रणरणत होतं. ज्या म्हाताऱ्याने प्रत्येक भागाकार दोनदा मांडून ताळा पाहिला, त्याच्यासमोर २३९ ची बाकी शून्य आली असती, तर तो पुढे २४१ कडे गेला नसता. तो तिथेच थांबला असता. पायरी, महादू, पोराचं नाव, सगळं तिथेच थांबलं असतं.

मास्तर २३९ पर्यंत पोचलेच नव्हते. मग त्या खालचं कोणी लिहिलं?

५

आसनगावच्या गोदामात भाताच्या पोत्यांमध्ये लडकू उभा होता. फौजदारांनी त्याच्या हातात पाटी दिली.

"भागाकार करायचाय. माझं गणित कच्चं. तुझ्या काकांचा आकडा, भागिले दोनशे एकोणचाळीस."

"तो काकांनी केलेला आहे, साहेब. भिंतीवर असेल."

"आहे. सतरा बाकी. तू कर."

लडकूची पेन्सिल सुरुवातीला भराभर चालली. मास्तरांच्या हाताखाली शिकलेला पोरगा, आकड्यांचं वळणही त्यांचंच. मग हळू झाली. शेवटच्या ओळीवर येऊन ती थांबली, आणि पाटीवर पेन्सिलीचं टोक एकाच जागी दाबलं जाऊन मोडलं.

"बाकी सांग," फौजदार म्हणाले.

बाहेर शंटिंगचं इंजिन उगाच पुढे-मागे होत होतं.

"काकांची चूक झाली असेल," लडकू अखेर म्हणाला. "म्हातारे होते. डोळे गेले होते."

"मलाही वाटलं. म्हणून मुरबाडच्या हेडमास्तरांना भिंतीसमोर बसवलं. त्यांना या कामात इतका आनंद झाला की मला त्यांच्यावरच संशय आला. पहिल्या दोनापासून दोनशे तेहेतीसपर्यंत मास्तरांची एकही बाकी चुकलेली नाही. दोनशे एकोणचाळीसपासून खाली एकही बरोबर नाही. माणूस एवढा एकदम बिघडत नाही, लडकू. मेल्याशिवाय."

"मग कुणी लिहिलं ते?"

"तेच बघू. सुंदरेला लिहिता येत नाही. महादूला समोर ठेवलेलं कोरता येतं, पण पुढचा आकडा कुठला हे सुचायचं नाही. भाजक सगळे बरोबर आहेत. दोनशे एकोणचाळीस, एक्केचाळीस, एक्कावन्न, सत्तावन्न. मधले गाळलेत ते नेमके गाळायचेच, लहान आकड्यांनी तुटणारे. असे आकडे कुणाला पाठ असतात?"

"काका सगळ्या पोरांकडून पाठ करून घ्यायचे. पाढ्यांसारखे. कान्ह्यालाही येतात."

"येतात. माझ्यासमोर म्हणून दाखवले, आरतीच्या चालीवर. पण कान्हा सकाळी निजला होता आणि दुपारीही निजला होता, दोन्ही वेळा एकटा. मरण दुपारच्या अलीकडे असो की पलीकडे, त्याला त्यात काय फायदा? त्या ओळी लिहून मास्तरांना संध्याकाळपर्यंत जिवंत ठेवण्याची गरज एकालाच होती. जो सकाळी त्यांच्याजवळ होता, आणि दुपारनंतर चारचौघांत मोटार ढकलत होता."

लडकूने पाटी पोत्यावर ठेवली. अगदी अलगद, फुटेल म्हणून.

"सुंदरा म्हणत होती, दुपारीच भिंत खालपर्यंत काळी होती," फौजदार म्हणाले. "मी ऐकलं नाही. ती खरं बोलत होती. तिला फासावर चढवलं असतं की शेताला दुसरं माणूस उरलं नसतं."

"शेत आमच्या आजाने फोडलेलं," लडकू म्हणाला. आवाजात राग नव्हता, एखादा जुना हिशेब सांगावा तसा होता. "खडक काढून. मी काकांना रात्रभर समजावलं. सकाळी पुन्हा सांगायला बसलो. ते म्हणाले, मध्ये बोलू नकोस, हातचा विसरेन. एवढंच. आयुष्यभर तेवढंच म्हणाले मला."

"आणि बाक्या?"

"मोटारीचा भोंगा वाजत होता. एकेक भागाकार करत बसलो असतो तर मोटार गेली असती. आकडे पाठ होते, ते लिहिले. बाकी मनाला येईल ती लिहिली." त्याने पाटी उलटी केली. "बाकी काहीही चाललं असतं, साहेब. शून्य सोडून. आणि शून्य येईल असं कुणाच्या डोक्यात येणार? तो आकडा तुटत नाही, हे आम्हाला लहानपणी सूर्य उगवतो तसं सांगितलेलं."

गणूने त्याच्या दंडाला धरलं. गोदामाच्या दारातून जाताना लडकू सवयीने कडीला कुलूप घालायला वळला, आणि गणूने ते घालू दिलं.

६

सुंदरेला सोडायला फौजदार स्वतः गेले. तिने लुगड्याचा पदर झटकला, उन्हात येऊन डोळे मिचकावले आणि चावडीच्या ओट्यावर पाण्याचा तांब्या रिकामा केला.

"लडकूभावजीनं?" तिने विचारलं.

"हो."

"माझ्या घरधन्याला त्यानंच खांदा दिलेला," ती म्हणाली. मग, "तुमाला कळलं कसं?"

फौजदारांनी जमेल तसं सांगितलं. भागाकार, शून्य, उलटा गुणाकार. तिला भागाकार कळत नव्हता, पण तुटणं कळत होतं.

"म्हंजे तो आकडा तुटतो."

"तुटतो. दोनशे एकोणचाळीसने."

"आनि नसता तुटला तर? मी सुटले असते?"

इथे खोटं बोलणं सोपं होतं, आणि दयेचंही. फौजदारांनी तोंड उघडलं. त्यांना ते १८५ आठवले, दोनदा आलेले, दोन्ही वेळा पुसलेले.

"नाही," ते म्हणाले. "माझंच गणित चुकलं असं समजून मी पाटी पुसली असती. तू आज ठाण्याला गेली असतीस."

सुंदरेने मान हलवली. तिला त्यात काही नवल वाटलेलं दिसलं नाही. तिने तांब्या उपडा घातला.

"पोर गेला तवापासून म्हातारा जेवत नव्हता," ती म्हणाली. "तो आकडा हाती घेतला, नि जेवाया लागला. दोन वेळ. तो तुटला असता तर दुसऱ्या दिशी म्हातारा गेला असता, हे मला ठावं व्हतं. मी रोज सांजच्याला दिवा लावून देवाला मागायचे. म्हातारा जिता हाय तवर त्याचा आकडा नको तुटू."

फौजदारांनी मनात मोजलं. दोनशे तेहेतीस. म्हातारा तिथवर जिवंत होता, आणि पुढच्याच भाजकाने आकडा तुटणार होता.

"देवानं ऐकलं," सुंदरा म्हणाली, आणि राब भाजायचा राहिला होता म्हणून टोकावड्याच्या वाटेला लागली.